मागे फिरता येत नाही, म्हणून : कयाकमधून अनेक दिवसांची नदीसफर कशी आखावी

डोंगरवाटेवर पाय मुरगळला, पाऊस लागला किंवा नुसतं मन बदललं, तरी आल्या वाटेने मागे फिरता येतं. नदीवर ही सोय नाही. पहिला खळाळ उतरून खाली गेलात की सामानाने लादलेली कयाक उलट्या प्रवाहात वर नेणं जवळपास अशक्य असतं. बाहेर पडायची वाट पुढेच असते, आणि ती कधीकधी दोन-दोन दिवसांच्या अंतरावर असते. नदी कुठली, माणसं कोण, सामान किती, मुक्काम कुठे, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं. वल्हं मारायला इथे शिकवलेलं नाही. ते जाणत्या माणसासोबत पाण्यात उतरूनच शिकावं. चार-सहा दिवस निर्जन नदीवर गटाने काढायचे तर काय करायचं आणि कुठल्या क्रमाने, तेवढंच पुढे आहे.

नदी आधी कागदावर उतरा

खळाळांच्या अवघडपणासाठी १ ते ६ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरतात. १ म्हणजे वाहतं पाणी आणि बारीक लाटा. २ मध्ये खळाळ असतात, पण वाट रुंद आणि सरळ दिसते. ३ पासून लाटा वेड्यावाकड्या होतात आणि नेमक्या जागी वळणं जमावं लागतं. ४ आणि ५ कसलेल्यांसाठी, आणि ६ च्या वाटेला सहसा कुणी जात नाही. कयाकवाल्यांचा जुना ठोकताळा असा, की पाणी १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल किंवा नदी वस्तीपासून लांब असेल तर छापील श्रेणीत एक मिळवायचा. लादलेली कयाक उशिरा वळते, हे त्याच्यावर आणखी. गटाची पहिलीच मोठी सफर असेल तर माझं मत स्पष्ट आहे : नदी १-२ श्रेणीची घ्या, आणि मध्ये ३ चा एखादा खळाळ असलाच तर काठाने कयाक उचलून नेता येईल असाच.

श्रेणी ठराविक पाण्याला लागू असते, हे पुष्कळ जण विसरतात. धरणाच्या बातम्यांत येतो तोच विसर्ग, क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत, इथेही बघायचा. काही देशांत तो सेकंदाला घनमीटरमध्ये देतात. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. पाणी कमी असेल तर खडक उघडे पडतात आणि कयाक ओढत न्यावी लागते. जास्त असेल तर खडक बुडतात, लाटा वाढतात, काठाला थांबायच्या जागा नाहीशा होतात आणि प्रवाह थेट झाडांत शिरतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. म्हणून ‘इतक्या क्युसेकच्या वर उतरायचं नाही’ हा आकडा घरी बसून लिहून ठेवा. काठावर पोहोचल्यावर, सगळ्यांनी रजा काढलेल्या असताना, असा आकडा कुणालाच सुचत नाही.

वर धरण असेल तर हिशेब बदलतो. ग्रँड कॅन्यनमधली कोलोरॅडो नदी ग्लेन कॅन्यन धरणाच्या खाली वाहते. विजेची मागणी कमीजास्त होईल तसं तिचं पाणी दिवसात चढतं-उतरतं. अशा नदीवर आभाळ निरभ्र असूनही रात्री पाणी तंबूपर्यंत येऊ शकतं. सोडण्याचं वेळापत्रक मिळवा, आणि धरणापासून तुमच्या मुक्कामापर्यंत पाणी यायला किती तास लागतात तेही विचारा.

मग नकाशा. त्यावर चार गोष्टी वेगवेगळ्या रंगांत टिपा : खळाळ, बंधारे, मुक्कामाच्या जागा आणि बाहेर पडता येईल अशी ठिकाणं. चौथा रंग सगळ्यात महत्त्वाचा. जिथे रस्ता, पायवाट किंवा वस्ती नदीला भिडते अशी प्रत्येक जागा नोंदवा आणि दोन जागांमधलं अंतर लिहा. सर्वांत लांब टप्पा तुमच्या सफरीचा खरा अवघडपणा सांगतो.

वेगाचा अंदाज बांधताना हात आखडता ठेवा. संथ पाण्यावर गट ताशी चार-पाच किलोमीटर जातो. प्रवाहाची साथ मिळाली तर जास्त, समोरून वारा आला तर निम्म्याने कमी. दिवसाला २० ते ३० किलोमीटर पुरेत. न्यूझीलंडमधली व्हँगानुई नदी ताउमारुनुईपासून पिपिरिकीपर्यंत १४५ किलोमीटर आहे आणि लोक ती साधारण पाच दिवसांत करतात. नवख्या गटासाठी हे चांगलं माप. कॅनडातल्या युकॉन नदीचा प्रवाह जोरकस आहे, तिथे एका दिवसात याच्या दुप्पटही अंतर कापलं जातं. पण त्याच युकॉनवर वाटेत लाबार्ज नावाचा सुमारे ५० किलोमीटर लांबीचा तलाव लागतो. तिथे प्रवाह नाही, आणि वारा सुटला की लाटा उसळतात. एकूण अंतराला दिवसांनी भागून आखलेला बेत अशाच जागी कोलमडतो.

शेवटी एक मोकळा दिवस धरा, आणि त्या दिवसाचा शिधाही. परवान्याची चौकशी लवकर करा. गाजलेल्या नद्यांवर सोडत असते, आणि गटाच्या संख्येवर मर्यादाही.

माणसं

तीन कयाकपेक्षा कमी असतील तर निर्जन नदीवर जाऊ नये : एक अडचणीत, एक मदतीला, एक निरोपाला. सहा ते आठ जण सर्वांत बरे. दहाच्या वर गेलात तर दोन तुकड्या करा. प्रत्येकीला स्वतःचा म्होरक्या आणि स्वतःची औषधपेटी हवी.

गटाचा वेग, अंतर आणि नदीची श्रेणी सगळ्यात कच्च्या माणसावरून ठरते. ऐकायला सोपं आहे. पाळताना मात्र जोरकस मंडळींचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून हे निघण्याआधी बोलून घ्या. निर्णय कोण घेणार, मतभेद झाला तर काय, हे ठरवा. आणि एक नियम लिहूनच ठेवा : एखादा खळाळ कुणाला नको वाटला तर त्याने कारण न देता काठाने चालत जावं, त्यावर थट्टा नाही आणि आग्रहही नाही. थट्टेच्या भीतीने उतरलेला माणूस अंग आखडून बसतो, आणि आखडलेलं अंग कयाक उलटवतं.

महिनाभर आधी एक रंगीत तालीम करा : पूर्ण सामान भरून एक दिवस आणि एक रात्र, घराजवळच्या ओळखीच्या पाण्यावर. उलटल्यावर कयाकमधून बाहेर येणं प्रत्येकाला जमायलाच हवं, आणि वाहत्या पाण्यात कयाक धरून काठाला येणंही. कुणाला दमा आहे, कुणाला कसली अॅलर्जी आहे, कुणाची रोजची गोळी कोणती, हे किमान दोघांना माहीत असू दे. ती औषधं दोन वेगळ्या कयाकमध्ये ठेवा.

कयाक आणि अंगावरचे कपडे

पाच मीटरच्या आसपासची लांब टूरिंग कयाक सरळ आणि वेगाने जाते, सामान पोटभर घेते, पण खडकांच्या गर्दीत वळत नाही. आखूड व्हाइटवॉटर कयाक भराभर वळते, पण तिच्यात चार दिवसांचा संसार मावत नाही. मधली जात म्हणजे साधारण तीन मीटरची क्रॉसओव्हर. मागे सामानाचा बंद कप्पा आणि संथ पाण्यावर सरळ जाण्यासाठी खाली सोडता येणारं पातं. १-२ श्रेणीच्या नदीवर टूरिंग चालते, त्यापुढे क्रॉसओव्हर बरी. कुठलीही घ्या, पुढचा-मागचा कप्पा हवाबंद हवा, नाहीतर त्यात हवेच्या पिशव्या कोंबा. पाणी भरलेली कयाक शेकडो किलोंची होते आणि ती कुणाला आवरत नाही.

लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याला खांद्यांवरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत. फुगवावं लागणारं जॅकेट नदीवर नको, फोमचंच घ्या. शिट्टी आणि छोटी सुरी जॅकेटलाच. खळाळ असतील तर हेल्मेट. पायांत बंद, पातळ तळव्याचे बूट. लोंबत्या पट्ट्यांच्या चपला कयाकच्या आत अडकतात.

कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानानुसार. भर उन्हात वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटून ऊब धरणारा रबरी पोशाख, घालून घामाघूम होणं त्रासाचं आहे, पण धरणाच्या तळातून सोडलेलं किंवा बर्फ वितळून आलेलं पाणी उन्हाळ्यातही गारठवतं. थंड पाण्यातल्या शरीरावर संशोधन करणाऱ्या गॉर्डन गीझब्रेख्त यांचं सूत्र पाठ करावं असं आहे : १-१०-१. अतिथंड पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं, पुढची सुमारे दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे राहतात, आणि शरीराचं तापमान उतरून शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. त्या दहा मिनिटांनंतर पट्टीच्या पोहणाऱ्याचीही बोटं दोर धरत नाहीत. सुती कपडे घरीच ठेवा.

सामान भरणं

तंबू, चूल, भांडी या याद्या सगळीकडे मिळतात, त्यात वेळ घालवत नाही. भरायचं कसं, ते बघू.

मोठ्या दोन पिशव्यांऐवजी लहान आठ ड्रायबॅग, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्या, घ्या, कारण कप्प्याचं तोंड अरुंद असतं. पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड निदान तीनदा गुंडाळा, मग चाप लावा. झोपण्याची पिशवी आणि कोरडा कपड्यांचा एक जोड दुहेरी पिशवीत. जड वस्तू, म्हणजे पाणी, डबे, चुलीचं इंधन, तळाशी आणि बैठकीच्या लगत. हलक्या वस्तू टोकांकडे. डावं-उजवं वजन सारखं. भरून झाल्यावर उथळ पाण्यात बसून बघा. एका बाजूला कलत असेल तर आत्ताच काढून भरा, कारण दिवसभर एकाच बाजूने कलती कयाक सावरत बसलात की संध्याकाळी कंबर धरते.

वर, डेकवर काही बांधू नका. ते वारा धरतं, फांदीत अडकतं आणि कयाक डोलायला लावतं. अपवाद जादा वल्ह्याचा. तीन-चार जणांमागे एक तरी हवं.

गटाचं सामान वाटताना ‘ही कयाक गेली तर काय?’ असं प्रत्येकीबद्दल विचारा. सगळा शिधा एकीत नको, दोन्ही चुली एकीत नकोत. औषधपेटी आणि दुरुस्तीचं सामान सर्वांत मागच्या कयाकमध्ये, कारण अडचण आलेला माणूस तिच्या पुढेच असतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, लायटर आणि शिट्टी मात्र जॅकेटच्या खिशात. कयाक वाहून गेल्यावर अंगावर असतं तेवढंच तुमचं.

पाण्यावरचा दिवस

लवकर निघा. बहुतेक दऱ्यांत वारा दुपारी उठतो. निघण्याआधी नकाशा मध्ये ठेवून दिवसाचे खळाळ, थांबे आणि बाहेर पडायच्या जागा सगळ्यांना सांगा. डावं-उजवं नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून, धरणाचा डावा कालवा, उजवा कालवा म्हणतात त्याच हिशेबाने.

सर्वांत पुढे वाट ओळखणारा, सर्वांत मागे कसलेला. पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही, मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. मधल्या प्रत्येकाने आपल्या मागच्या कयाकवर नजर ठेवायची. ती दिसेनाशी झाली की थांबायचं. या एका सवयीमुळे गट तुटत नाही.

पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून खुणा. वल्हं उभं धरलं : या, वाट मोकळी. डोक्यावर आडवं : थांबा. उभं वल्हं एका बाजूला कललं : त्या बाजूने या. बोट किंवा वल्हं नेहमी सुरक्षित बाजूलाच दाखवायचं, धोक्याकडे कधीच नाही. लांबून फक्त दिशा दिसते, अर्थ दिसत नाही. एक शिट्टी म्हणजे इकडे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट.

पाणी वाचायला वेळ लागतो, पण काही खुणा पहिल्या दिवशीच कळतात. व्ही आकाराचं टोक खाली, प्रवाहाच्या दिशेने असेल तर ती दोन अडथळ्यांमधली मोकळी वाट. टोक वर, तुमच्याकडे असेल तर त्या टोकाशी खडक आहे. नदी समोर एका आडव्या रेषेत संपल्यासारखी दिसली आणि पलीकडे झाडांचे फक्त शेंडे दिसले, तर तिथे पाणी खाली पडतंय. ताबडतोब काठाला लागा. वळणावर प्रवाह तुम्हाला बाहेरच्या काठाकडे रेटतो, आणि पडलेली झाडं नेमकी तिथेच असतात. पाण्यातलं झाड चाळणीसारखं : पाणी आरपार जातं, माणूस राहतो. वळणात शिरण्याआधीच आतल्या बाजूला सरका. बुटका, आडवा बंधारा दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्याच्या पायथ्याशी उलटं फिरणारं पाणी माणसाला धरून ठेवतं. तो काठानेच ओलांडायचा, अपवाद नाही.

खडकाच्या आडोशाला पाणी उलटं वळून जवळपास थांबतं. त्या जागेला कयाकवाले एडी म्हणतात. खळाळ एका दमात उतरण्यापेक्षा एडीतून एडीत जा. प्रत्येक ठिकाणी श्वास घेता येतो आणि पुढचा तुकडा बघता येतो. पुढची एडी दिसत नसेल तर उतरून चालत बघून या. बघताना तीन गोष्टी ठरवा : वाट कुठली, दोर घेऊन कोण कुठे उभं राहणार, आणि उलटलेला माणूस वाहत कुठे जाईल. तिसऱ्याचं उत्तर ‘झाडात’ किंवा ‘पुढच्या खळाळात’ असेल तर खळाळ सोपा असला तरी कयाक उचला. सामान काढून, चौघांनी धरून; भरलेली कयाक खडकांवरून ओढली की तळ फाटतो.

कयाक उलटली तर

कमरेभोवती घालून बैठकीचं तोंड झाकणारं, पाणी आत येऊ न देणारं आच्छादन म्हणजे स्प्रे स्कर्ट. ते सोडवायला त्याच्या पुढच्या टोकाला पट्टीचा फास, म्हणजे लूप, असतो. पाण्याखाली पुढे वाका, स्प्रे स्कर्टचं लूप ओढा, हातांनी कडा ढकलून बाहेर या. हे लूप स्कर्ट लावताना आत दबलं तर पाण्याखाली सापडत नाही. म्हणून दर वेळी निघताना शेजाऱ्याचं लूप बाहेर आहे ना, ते बघा आणि बोलून दाखवा.

वर आल्यावर कयाकच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, राहा. खालच्या अंगाला राहिलात तर कयाक आणि खडक यांच्यामध्ये सापडाल. पाठीवर, पाय पुढे आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी. उभं राहायचा मोह होतो, तो आवरा. गुडघ्यापेक्षा खोल, वेगवान पाण्यात उभं राहिल्यावर पाऊल दगडांत अडकतं आणि पाणी अंग पुढे दाबून तोंड खाली करतं. एडी जवळ आली की पालथं होऊन जोरात पोहा. समोर झाड आलंच आणि टळत नसेल तर मात्र उलट करायचं : पालथं व्हा, डोकं पुढे ठेवून त्याच्या दिशेने पोहा आणि अंग वर खेचून खोडावर चढा.

कयाक खडकाला आडवी जाऊन टेकली तर खडकाकडे झुका. अंग आपोआप उलट बाजूला, खडकापासून दूर जायला बघतं, आणि तसं झालं की वरून येणारं पाणी डेकवर चढून कयाक उलटवतं आणि दगडाला गुंडाळतं.

दोर फेकणाऱ्याने आधी ‘दोर!’ ओरडावं, पोहणाऱ्याने बघितलं की त्याच्या थोडं पलीकडे फेकावा. पोहणाऱ्याने पिशवी न धरता दोर धरावा, खांद्यावरून घेऊन पाठीवर राहावं. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कुणीच नाही. आधी माणूस, मग कयाक, मग वल्हं. या क्रमाचा विसर पडला की हरवलेल्या वल्ह्यामागे दुसरा माणूस पाण्यात जातो.

बाहेर आल्यावर ‘मी ठीक आहे’ यावर विश्वास ठेवू नका. कोरडे कपडे, काहीतरी गोड, गरम पेय, निदान अर्धा तास. बोलताना जीभ जड झाली असेल किंवा चेन लावता येत नसेल तर त्या दिवसाचा प्रवास तिथेच थांबवा.

मुक्काम

दुपारी तीन-चारलाच काठाला लागा. अंधारात जागा निवडता येत नाही. नदीचं मऊ वाळवंट खुणावतं, पण आधी मागच्या पुरात अडकलेला कचरा, काटक्या, वाळलेलं गवत कुठपर्यंत आहे ते बघा. तंबू त्या रेषेच्या वर. पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि झोपण्याआधी बघा. कयाक वर ओढा, पालथ्या घाला आणि तरीही झाडाला बांधा. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत यायला लागली, तर वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला आहे. आभाळाकडे न बघता सामान हलवा. पाणी चढत असेल तर दुसऱ्या दिवशी थांबा. मोकळा दिवस त्यासाठीच ठेवला आहे.

पिण्याचं पाणी रात्रभर निवळू द्या, गाळा, मग खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. शौचाला पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा. अरुंद दऱ्यांत तेवढी जागाच नसते, म्हणून तिथे मैला डब्यात भरून सोबत न्यावा लागतो. ग्रँड कॅन्यनमध्ये तर लघवी थेट नदीत करा असा नियम आहे, कारण काठावरची वाळू पाऊस फार कमी असल्याने वर्षानुवर्षं धुतली जात नाही.

शेवटचा काठ

गावाकडच्या एका जबाबदार माणसाकडे लेखी माहिती हवी : कुठे उतरणार, कुठे निघणार, कयाकचे रंग, बाहेर पडायच्या जागा, आणि कुठल्या तारखेला किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागायची. ती वेळ मोकळा दिवस धरून ठरवा, नाहीतर पाणी चढलं म्हणून शहाणपणाने थांबलेल्या गटासाठी शोधपथक निघतं.

गाडी आधी शेवटच्या काठावर लावून या, आणि तिथे असताना तो काठ पाण्याच्या बाजूने कसा दिसतो याचा फोटो काढा. रस्त्यावरून ठळक दिसणारी जागा नदीतून झाडीआड जाते आणि ती चुकली तर पुढची दिवसभर लांब असू शकते. किल्ली ज्याच्याकडे आहे तो कोण, हे सगळ्यांना माहीत असू दे. दुसरी किल्ली दुसऱ्याच्या जॅकेटमध्ये.

बाहेर पडल्यावर आधी निरोप द्या, मग जेवा. घरी गेल्यावर कयाक, बूट, दोर सगळं तपासा, धुवा, वाळवा. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या नद्यांत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, आणि ते ओल्या सामानावरून एका नदीतून दुसरीत जातं. भांडी घासायच्या द्रव साबणाचं ५ टक्के पाणी करून त्यात सामान मिनिटभर भिजवा. नुसतं वाळवणार असाल तर आतून-बाहेरून पूर्ण कोरडं झाल्यावर आणखी ४८ तास थांबा, मगच दुसऱ्या नदीत उतरा.